सरांचं साठ

परवा माझ्या भावाचा नातू पणदऱ्याहून आला होता. बारामतीतल्या माझ्या दोन खोल्यांत अजून चार पोरी तबला शिकायला येतात. त्यांच्यादेखत त्यानं खिशातून फोन काढला, मी ठेका धरला होता तिथं डग्ग्याजवळ नेऊन ठेवला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुमी अठ्ठावन्नवर चालू केलं आणि बासष्टला गेलाय." पोरी हसल्या नाहीत, कारण मी त्यांच्याकडं बघत होते. मी त्याला म्हटलं, "एवढा शहाणा असेल फोन तर त्याला म्हणावं, आत जाऊन चहा टाक." पोरगं वाईट नाही. पण ह्यांच्या पिढीला वाटतं, आकडा दिसला की गोष्ट कळली. ह्यांच्या लग्नात तो डीजेवाला छातीची हाडं हलतील असा एकशे अठ्ठावीसचा ठोका लावतो, आणि नवरदेवाचे मित्र त्यावर चिखल तुडवल्यासारखे आपल्याच चालीनं नाचतात. त्यांना एकशे अठ्ठावीस माहीत असतं. पाय कुठं पडतोय ते माहीत नसतं.

पोरगं गेल्यावर मात्र मला झोंबत राहिलं. बासष्टचं नव्हे, साठचं. साठ हा आकडा माझ्या आयुष्यात एकदाच आला आणि त्यानं मला बाई म्हणून, तबलजी म्हणून, मास्तरीण म्हणून उभं केलं, असं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले. शाळेतल्या बायकांना सांगितलं, सत्काराला उठून सांगितलं, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितलं. दर वेळी टाळ्या घेतल्या. आणि दर वेळी गोष्टीचं शेपूट तोडून सांगितली. आता लिहायलाच बसले आहे तर शेपटासकट लिहिते.

आमचं घर पणदऱ्यात, गावापासून जरा लांब, तीन अंगांनी ऊस आणि चौथ्या अंगाला गोठा. शांत म्हणावं असं त्या घरात काहीच नव्हतं. पहाटे सगळ्यात आधी आवाज यायचा तो बादलीत पडणाऱ्या धारेचा. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तेव्हा पत्र्यावर खडा मारल्यासारखी वाजते, मग बादली भरेल तसा आवाज जाड होत जातो, फेस आला की मऊ होतो. मग आईच्या भाकरीचा आवाज. मग विहिरीवरचं तेलाचं इंजिन. मग साखर कारखान्याचा भोंगा, ज्याच्यावर तात्या, म्हणजे माझे वडील, आपलं घड्याळ लावायचे आणि भोंगा चुकला असं वाटलं तर कारखान्याला शिव्या द्यायचे. दूध घरचं, पण सगळं डेअरीच्या किटलीत जायचं. आमच्या वाटणीला राहायचा दुधाचा नुसता रंग असलेला चहा, पातळ पिठलं, आणि गाय व्यायली की दोन दिवस खरवस. तो खरवस मात्र आई असा करायची की त्याची वडी सुरीनं कापताना थरथरायची. वेलदोड्याची पूड घालायला ती हात आखडायची नाही. बाकी सगळ्याला आखडायची.

तबला आमच्या घरी आला तो उंदरांमुळं. देवळात भजनी मंडळाचा तबला-डग्गा ठेवलेला असायचा, त्याची वादी उंदरांनी कुरतडली. तात्या मंडळाचे म्होरके, म्हणून जोडी आमच्या घरी आणून फळीवर ठेवली. मंडळातल्या लोकांच्या वाजवण्याबद्दल मी मेलेल्या माणसांची निंदा नको म्हणून गप्प बसते. एवढंच सांगते की अभंग संपायच्या आत तबला संपायचा, आणि मग टाळकरी बिचारे मागून धापा टाकत यायचे. मी फळीवरून जोडी खाली घेतली तेव्हा कुणी अडवलं नाही, कारण पोरगी खेळतीय असंच सगळ्यांना वाटलं. अकरावी झाली तरी मी खेळतच होते, तेव्हा तात्यांच्या लक्षात आलं. तोवर मी शाळेच्या बाईंच्या ओळखीनं बारामतीत एका सरांच्या क्लासला आठवड्यातून दोनदा जायला लागले होते.

सरांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांची नातवंडं फार लवकर दुखावतात. सर मूळचे पुण्याचे, बारामतीत नोकरीसाठी आलेले, आणि बारामतीत यावं लागलं हा जो त्यांच्यावर अन्याय झाला होता त्याचा सूड ते आम्हा पोरांवर उगवायचे. कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास. दारात चपला अगदी सरळ रेषेत लावायच्या. पणदरे म्हटलं की त्यांच्या नाकाला वास यायचा. "या, ऊसवाले," असं ते आम्हा खेड्यातल्यांना म्हणायचे, आणि शहरातली पोरं मान खाली घालून हसायची. वाजवायचे मात्र बरे. चांगले नव्हे, बरे. हे मला तेव्हाच कळत होतं, म्हणून तर त्यांचा एवढा राग यायचा.

लय म्हणजे काय ते सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं. विलंबित, मध्य आणि द्रुत. मी विचारलं, मध्य म्हणजे किती? म्हणाले, विलंबिताच्या दुप्पट. आणि विलंबित किती? मध्याच्या निम्मं. मी वहीत लिहून घेतलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की ह्या माणसानं मला खुंट्याभोवती फिरवून परत खुंट्यापाशीच आणलंय. पुढच्या वेळी मी तेच बोलून दाखवलं. तेव्हा सरांनी कपाट उघडून तो डबा बाहेर काढला.

मखमलीच्या पिशवीत एक लाकडी डबा, वर निमुळता, देवळाच्या शिखरासारखा. पुढची फळी काढली की आत एक उभा काटा, काट्यावर वर-खाली सरकणारं लहानसं वजन, मागं आकड्यांची पट्टी. चावी द्यायची, काटा सोडायचा, की टक, टक, टक. त्याला मेट्रोनोम म्हणतात. सरांच्या जावयानं चौदा वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला. वजन साठाच्या आकड्यावर लावलं की मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सेकंदाला एक. वजन वर घेतलं की सावकाश, खाली घेतलं की जलद. "लय ही अशी मोजतात," सर म्हणाले. "बैलाच्या शेपटीवर मोजत नाहीत. साठ म्हणजे साठ. घरी घड्याळ असेल तर सेकंदकाट्याकडं बघ, तोच हिशोब." मग डबा परत मखमलीत, मखमल कपाटात, कपाटाला कुलूप. आम्ही त्याला टकटक्या म्हणायचो. तो बाहेर यायचा फक्त कुणाची परीक्षा घ्यायची असली तरच. एरवी सर हातानं टाळी देत बसायचे.

त्या वर्षी मोठ्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. ती झाली की मुलींच्या शाळेत संगीताची बाई म्हणून लागता येत होतं. फॉर्मवर सरांची सही लागायची, आणि सर सही करायचे ते ठोका धरून दाखवला तरच. त्यांची पद्धत अशी: टकटक्या साठावर लावायचा, त्याच्याबरोबर सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका सुरू करायचा, चार आवर्तनं झाली की सर बोटानं काटा धरून थांबवणार. पुढं दहा आवर्तनं आपण एकट्यानं वाजवायची. मग समेवर सर काटा सोडणार. ठेका आणि टकटक एकत्र चालली तर सही. नाही तर घरी. तात्यांनी त्याआधीच मला गोठ्याच्या दारात उभं करून सांगितलं होतं, "एकदा बस परीक्षेला. झाली तर फुडचं बघू. न्हाय झाली तर तबला देवळात परत आणि तू हितं. पुन्यांदा बारामतीचं नाव काढायचं न्हाय." तात्या रागावून बोलले नव्हते. त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

मी रियाज केला तो इंजिनावर. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं होतं मी केवढी अक्कल लढवली. विहिरीवरचं इंजिन दिवसभर चालायचं, डुग-डुग-डुग-डुग, आणि मी मोजून ठरवलं की चार ठोक्यांना एक मात्रा. जरा जलदच पडत होतं, पण वेग नंतर कमी करता येतो, एकसारखेपणा महत्त्वाचा, असा माझा शहाणपणा. सरांचा डबा कुलपात, माझं इंजिन फुकट. पडवीत बसून मी तास न् तास त्याच्याबरोबर वाजवायचे. आई एकदा शेणाची पाटी घेऊन जाताना थांबली. म्हणाली, "सुमे, पाणी तळाला गेलं की त्ये इंजिन पळतंय. त्येच्यासंगं तूबी पळतीस."

मी म्हटलं, "तू पाटी घेऊन जा."

आई अडाणी होती. हा शब्द मी तेव्हा फार सहज वापरायचे. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, तिला सोळापर्यंत मोजता यायचं पण तीनताल ठाऊक नव्हता, आणि माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला तिनं लय सांगावी ह्याची मला कीव आली. आणि ती खरंच सांगत होती ते असं: विहीर उपसत आली की पाइपातून पाण्याबरोबर हवा यायची, इंजिनावरचा भार सुटायचा आणि ते मोकाट धावायला लागायचं. आमचं सगळं भजनी मंडळ असंच वाजवायचं हे मला नंतर सुचलं. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या विहिरीवर इंजिनं होती. उसाच्या मुलखात लय अशी घडते, पाणी असेपर्यंत सरळ आणि पाणी संपलं की उधळलेली.

पहिल्या खेपेला मी उधळले. सरांनी काटा धरला, मी एकटी निघाले, आठव्या आवर्तनाला माझं मलाच काही तरी वेगळं लागलं, पण थांबता येईना. सरांनी काटा सोडला. टकटक्या एकीकडं, मी दुसरीकडं. सर हात जोडून म्हणाले, "थांबा हो, इंजिन. बारा एकर भिजून झाले." त्यांना इंजिनाचं कसं कळलं कुणास ठाऊक, बहुतेक माझ्याबरोबर येणाऱ्या एका शहाण्या मैत्रिणीनं सांगितलं असावं. क्लास खदखदून हसला. "महिन्यानं परत या," सर म्हणाले. "फॉर्मची मुदत तेव्हा संपते. ही शेवटची खेप. तोवर निदान विहीर तरी बदला."

घरी येताना गाडीत मी सबंध वाट दातांवर दात आवळून बसले होते. आई म्हणाली होती तेच झालं, हे मला कळलं होतं. पण तिला तसं सांगितलं नाही. तिनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "तुला सांगून काय कळणारे?" ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

मग मी तात्यांचं घड्याळ मागितलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, चावीचं, सेकंदकाटा असलेलं. तात्या ते झोपतानाच काढायचे. ते म्हणाले, "फुटलं तर?" मी म्हटलं, "फुटलं तर मी कायमची गोठ्यात." हा सौदा त्यांना पटला. महिनाभर मी ते मनगटावर बांधून वाजवलं. सेकंदाला एक मात्रा. सकाळी, दुपारी, जेवताना पाटावर बोटांनी, पाणी शेंदताना ओठांनी. गाई माझ्याकडं बघायच्या. भाऊ म्हणायचा, "हिला लागीर झालंय." शेवटच्या आठवड्यात मी डोळे मिटून पाच मिनिटं वाजवायचे आणि डोळे उघडले की काटा आणि हात एका जागी असायचे. साठ माझ्या हाडात गेलं होतं. पणदऱ्यात कुणाच्या बापानं असं साठ वाजवलं नव्हतं. मी तात्यांशीही जरा मान वर करूनच बोलायला लागले होते. शेफारले होते, सरळ सांगायचं तर.

ठरलेल्या दिवशी बाजार होता, म्हणून आई माझ्याबरोबर बारामतीला आली. मिरच्या, मीठ, बैलाच्या वेसणीची दोरी असं काही काही घ्यायचं होतं. ती क्लासपर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती जिना चढून आली, चपला सगळ्यांच्या रांगेत नीट लावल्या आणि बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन दारातच बसली. सर म्हणाले, "मावशी, भाजी नको आज." ती म्हणाली, "सुमनची आई हाय मी. बसते हितंच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणामुळं, हे इतक्या वर्षांनी तरी लिहायला हवं: सरांच्या बोलण्यामुळं नव्हे, तिच्या तिथं असण्यामुळं.

टकटक्या निघाला. सरांनी वजन लावलं, काटा सोडला. मी ठेका धरला. पहिल्याच आवर्तनात मला तो सावकाश वाटला. माझं महिनाभराचं साठ हातात उसळत होतं आणि हा डबा म्हाताऱ्या बैलासारखा पाय ओढत होता. मी स्वतःला आवरून त्याच्याबरोबर चालले. चौथं आवर्तन झालं. सरांनी काटा धरला. आता मी एकटी. आणि मी माझ्या साठावर गेले. भिऊन नाही, चुकून नाही, ऐटीत गेले. मनगटावर घड्याळ होतं, एक डोळा त्याच्यावर ठेवला, काटा आणि माझा हात बरोबर. दहा आवर्तनं झाली, सम आली, सरांनी काटा सोडला, आणि चार मात्रांत सगळ्यांच्या लक्षात आलं की आम्ही दोघं बरोबर नाही. सर खिन्नपणे हसले. "पुन्हा इंजिन," म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला, कोराच.

मी उठले नाही. मी म्हटलं, "सर, तुमचा डबा चुकतोय."

क्लासमध्ये असं काही आजवर कुणी बोललं नव्हतं. सर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मी मनगट पुढं केलं. म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं, साठ म्हणजे सेकंदाला एक. मोजा." सर म्हणाले, परदेशी वस्तू आणि उसाच्या फडातलं घड्याळ ह्यांत त्यांनी कशावर विश्वास ठेवावा. तेवढ्यात कुणी तरी खाली जाऊन बाबूभाईंना घेऊन आलं. बाबूभाई म्हणजे खालच्या बोळातले घड्याळ दुरुस्त करणारे, एका डोळ्याला भिंग लावायची खाच कायमची पडलेली. ते भिंग खिशात टाकून आले, स्वतःच्या घड्याळावर मिनिटभर टकटक मोजली आणि म्हणाले, "बावन्न." सर म्हणाले, "शक्य नाही." बाबूभाईंनी काट्याशी डोळा नेला. म्हणाले, "मशीन बरोबर हाय सर. तुमी वजनाची खालची कड आकड्याला लावलीय. आकडा वरच्या कडंनं वाचायचा असतोय." त्यांनी वजन थोडंसं खाली सरकवलं, सोडलं, आणि टकटक माझ्या मनगटाबरोबर चालायला लागली.

चौदा वर्षं. चौदा वर्षं हा माणूस साठ म्हणून बावन्न शिकवत होता. ज्या पोरांना त्यानं ऊसवाले, इंजिन, बैल म्हणून हाकललं ती कुठं कुठं गेली असतील ह्याचा विचार मी पुढं पुष्कळ केला. त्या क्षणी केला नाही. त्या क्षणी मला फक्त सरांचं तोंड बघायचं होतं, आणि ते मी पोटभर बघितलं. सरांनी पेन काढलं, सही केली, फॉर्म टाकला. म्हणाले, "परीक्षेला घड्याळच घेऊन जा. तबला नाही नेलास तरी चालेल."

मी त्याला हरलेल्या माणसाचं बोलणं समजले. सत्काराला मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथं टाळ्या पडतात. पडू देते. पुढचं सांगत नाही.

पुढचं म्हणजे परतीची गाडी. आईनं बाजारातून दोन पेरू घेतले होते, त्यातला एक पुसून माझ्या हातात दिला. मी बोलत सुटले होते. बावन्न, साठ, वरची कड, खालची कड. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पर सुमे, सरांनी त्यो डबा धरून ठिवला, तवा तू फुडं गेलीस."

"मी नाही पुढं गेले. डबाच मागं होता. बाबूभाई काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"आयकलं की. डबा मागं आसंल. पर तू त्येच्यासंगं निघाली हुतीस. ज्येच्यासंगं निघालं, त्येच्यासंगं जायाचं आसतंय. त्यो थांबला म्हून काय झालं?"

पेरूचा घास तोंडात तसाच राहिला. कारण ते खरं होतं. सरांची परीक्षा साठाची नव्हतीच, दिलेला ठोका धरून ठेवायची होती. त्यांनी बावन्न दिलं, मी बावन्नवर निघाले आणि पाठ फिरताच साठावर पळाले. त्यांचा आकडा चूक होता आणि माझं वाजवणं चूक होतं. क्लासमधल्या तीस जणांत हे एकीलाच कळलं, आणि ती मिरच्यांची पिशवी घेऊन दारात बसली होती. माझ्या जिंकण्याला अजून दोन तास झाले नव्हते. मी म्हटलं, "तुला काय कळतंय लयीतलं? शेणात हात घालणारी बाई तू." पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं. आईनं आपला पेरू पदरात बांधला आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्यानंतर माझ्या वाजवण्याबद्दल ती अक्षर बोलली नाही. मी पडवीत बसले की ती कामाला परसात जायची.

परीक्षेला आठवडा राहिला असताना गोठ्यात तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मुरगळलं. हाड बसवणाऱ्यानं पट्ट्या लावून हात गळ्यात बांधून दिला. तात्या आणि भाऊ उसाच्या तोडीवर. संध्याकाळी धार काढायला घरात मीच. तांबडी आमची सगळ्यात दुधाची गाय, आईशिवाय दुसऱ्याचा हात कासेला लागलेला तिला खपत नसे. मी पेंड ठेवली, वासरू लावलं, काढलं, बादली गुडघ्यांत धरून बसले. मनगटावर घड्याळ होतंच. मी आपली सवयीनं निघाले, सेकंदाला एक, सेकंदाला एक. चार धारा आल्या आणि तांबडीनं पान्हा चोरला. कास भरलेली आणि सड कोरडे. मी ओढत राहिले, तशीच, एकसारखी. तिनं एक लाथ मारली, बादली उपडी झाली, होतं तेवढंही दूध शेणात गेलं. डेअरीची गाडी यायची वेळ झाली होती.

आई पडवीत बाजेवर पडलेली होती, भिंतीपलीकडं. तिला सगळं ऐकू जात असणार. मी हाक मारली, "आई, ही सोडंना. कशी काढू? लवकर लवकर काढू का सावकाश?"

मग ती म्हणाली, "मला काय कळतंय लयीतलं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. तिनं ते अगदी साधं म्हटलं, मी तिला सांगितलं होतं आणि तिनं ते खरं मानलं होतं, तसं. मी तांबडीच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि रडले. सरांपुढं रडले नव्हते, तात्यांपुढं रडले नव्हते. गाय उभी राहिली.

मग भिंतीपलीकडून आवाज आला. बाजेच्या लाकडावर बांगड्यांचा. तिचा डावा हात मोकळा होता. आधी हलके, भराभर ठोके, कासेला नुसतं कुरवाळावं तसे. मी सडाला हात लावला आणि त्याच ठोक्यांनी कुरवाळत गेले. तांबडीनं शेपटी हलवायची थांबवली. धार आली, बारीक. बांगड्या जरा सावकाश झाल्या. धार जाड झाली, बांगड्या आणखी सावकाश, एक ठोका आणि मग लांब मोकळी जागा, बादलीत फेस उठायला लागला. तिला दिसत काहीच नव्हतं. ती धारेचा आवाज ऐकत होती आणि गाय सोडेल तेवढंच मागत होती. किती होते ते ठोके मिनिटाला, मला सांगता यायचं नाही. काट्याकडं बघायला कपाळ गाईच्या कुशीतून काढावं लागलं असतं. मी काढलं नाही.

पुढं मी परीक्षा पास झाले, मुलींच्या शाळेत लागले, तीस वर्षं पोरींच्या हातांत ते साठ कोंबलं आणि स्वतःला फार मोठी समजले. ते सगळं त्या संध्याकाळनंतरचं. म्हणजे कळूनसुद्धा.

बांगड्या थांबल्या. कास हलकी झाल्याचं माझ्या हाताला अजून समजायचं होतं. "झालं," आई आतून म्हणाली, "वासरू सोड."

मी वासरू सोडलं, बादली उचलून पडवीत आले. माफी मागायचं अगदी तोंडाशी आलं होतं. तोंडातून निघालं ते, "चहा टाकू का?"

"टाक," आई म्हणाली. "आन् आदी त्ये तुज्या तात्यांचं घड्याळ पूस. दूध गेलं आसंल आत."